आवडते पात्र कोणते? – एका मतमोजणीचे गणित

एखादी मालिका, कादंबरी किंवा चित्रपट लोकप्रिय झाला की त्यातील आवडते पात्र कोणते, असा कौल घेण्याची पद्धत जगभर आहे. जपानमध्ये तर ती एक रूढ प्रथाच झाली आहे. तेथील चित्रकथांची साप्ताहिके वाचकांकडून पोस्टकार्डे मागवतात, मते मोजतात आणि पहिल्या दहा-वीस पात्रांची यादी दिमाखाने छापतात. यादी जाहीर झाली की वाद सुरू होतो. 'माझे आवडते पात्र सातवे कसे?' असे विचारणारे असतात आणि 'मते मोजली, निकाल लागला, आता वाद कसला?' असे म्हणणारेही असतात.

या दुसऱ्या प्रकारच्या उत्तरात एक मोठे गृहीत दडलेले आहे. लोकांची आवड ही आधीपासून तयार असलेली वस्तू आहे आणि मतमोजणी म्हणजे तराजूत घालून केलेले तिचे वजन, असे आपण धरून चालतो. हे कितपत खरे आहे? वर्गात मॉनिटर निवडताना, स्नेहसंमेलनातील उत्तम नाटक ठरवताना किंवा सहलीचे ठिकाण नक्की करताना आपण नेहमी मते घेतो. म्हणून हा प्रश्न शिक्षकांच्या रोजच्या कामाचा आहे. तो तपासायला कथेतील पात्रांचा कौल फार सोयीचा. त्यात कोणाचे खरे नुकसान होत नाही, आणि गणित मात्र तेच असते.

गोष्ट आणि तिची पात्रे

आपण उदाहरणासाठी एक जपानी रहस्यकथा घेऊ. तिचे नाव 'हिगुराशी नो नाकु कोरो नी'. हिगुराशी हा सिकाडा कुळातील, पहाटे आणि संध्याकाळी ओरडणारा एक कीटक. 'हिगुराशी ओरडतात त्या वेळी' असा नावाचा साधारण अर्थ. ही कथा छापील पुस्तक म्हणून आली नाही, ती संगणकावर वाचायची होती. पडद्यावर मजकूर उमटतो, मागे जागेचे चित्र असते, बोलणाऱ्या पात्राची आकृती समोर येते आणि साथीला संगीत व आवाज असतात. वाचक कळ दाबत पुढे जातो. या प्रकाराला जपानबाहेर 'व्हिज्युअल नॉव्हेल' म्हणतात. अशा अनेक कथांत वाचकाला मधूनमधून पर्याय निवडावे लागतात आणि त्यानुसार कथा वळते. 'हिगुराशी'त मात्र वाचकाने निवडायचे काही नव्हते. वाचायचे आणि विचार करायचा, एवढेच.

र्‍यूकिशी ०७ हे टोपणनाव घेणाऱ्या लेखकाने ही कथा आठ भागांत लिहिली आणि पात्रांची चित्रेही स्वतःच काढली. तोक्योमध्ये वर्षातून दोनदा 'कोमिकेट' नावाची जत्रा भरते. हौशी लेखक आणि चित्रकार तेथे आपले स्वतः प्रसिद्ध केलेले साहित्य विकतात. या जत्रेत ऑगस्ट २००२ मध्ये कथेचा पहिला भाग आला आणि ऑगस्ट २००६ मध्ये आठवा. म्हणजे रहस्य उलगडायला चार वर्षे लागली. पहिले चार भाग प्रश्नांचे, पुढचे चार उत्तरांचे.

कथा घडते हिनामिझावा नावाच्या काल्पनिक खेड्यात, मुख्यतः जून १९८३ मध्ये. गिफू प्रांतातील शिराकावा-गो या खऱ्या गावावरून हे खेडे रंगवले आहे. गावात दर वर्षी एक उत्सव होतो, आणि गेली चार वर्षे त्या उत्सवाच्या रात्री एक जण मरतो व एक जण नाहीसा होतो. शहरातून नुकताच राहायला आलेला केइची आणि त्याचे शाळासोबती या गूढात ओढले जातात. निरनिराळ्या भागांत हाच काळ पुन्हा पुन्हा सांगितला आहे. प्रत्येक वेळी घटना वेगळ्या वळणाने जातात आणि एका भागातला जिवलग मित्र दुसऱ्या भागात भयंकर वाटू लागतो.

रहस्य काय, ते येथे सांगणार नाही. आपल्याला फक्त चार मुलींची नावे हवी आहेत. रेना ही प्रेमळ आणि थोडी विचित्र. भंगाराच्या ढिगातून 'गोड' वस्तू शोधून आणणारी. मिओन ही वर्गप्रमुख, सगळ्यांना खेळांत ओढणारी. शिओन ही मिओनची हुबेहूब दिसणारी जुळी बहीण. रिका ही गावच्या देवस्थानाच्या घराण्यातली लहान मुलगी. कथेत महत्त्वाची पात्रे याहून पुष्कळ आहेत, पण हिशेबाला चार पुरेत.

एकच मतपेटी, चार विजेते

समजा, ही कथा पूर्ण वाचलेले ६० वाचक आहेत. प्रत्येकाला आपण फक्त पहिली आवड न विचारता चौघींचा पूर्ण पसंतीक्रम लिहायला सांगितला. (हे आकडे कल्पित आहेत, उदाहरणासाठी रचलेले.) उत्तरांचे चार गट पडले :

पहिला गट, २३ वाचक : रेना, रिका, मिओन, शिओन
दुसरा गट, १६ वाचक : मिओन, रिका, शिओन, रेना
तिसरा गट, १३ वाचक : शिओन, मिओन, रिका, रेना
चौथा गट, ८ वाचक : रिका, शिओन, मिओन, रेना

आता मोजू या.

पद्धत पहिली : ज्याला सर्वाधिक मते तो विजयी. फक्त पहिली पसंती मोजायची. रेनाला २३, मिओनला १६, शिओनला १३, रिकाला ८. रेना जिंकली. आपल्या लोकसभेच्या आणि विधानसभेच्या निवडणुकीत हीच पद्धत असते.

पद्धत दुसरी : पहिल्या दोघांत पुन्हा फेरी. कोणालाच निम्म्याहून जास्त मते नाहीत, म्हणून पुढे असलेल्या रेना आणि मिओन यांच्यात दुसरी फेरी घ्यायची. तिसऱ्या आणि चौथ्या गटाच्या यादीत मिओन ही रेनाच्या वर आहे. त्यामुळे मिओनला १६ + १३ + ८ = ३७ आणि रेनाला २३. मिओन जिंकली. फ्रान्समध्ये राष्ट्राध्यक्षाची निवड अशी दोन फेऱ्यांनी होते.

पद्धत तिसरी : तळाच्या उमेदवाराला वगळत जायचे. सर्वांत कमी मते रिकाची, ती बाद. तिच्या ८ मतपत्रिकांवर पुढचे नाव शिओनचे, म्हणून शिओनची मते १३ + ८ = २१ झाली. आता रेना २३, शिओन २१, मिओन १६. मिओन बाद. तिच्या १६ पत्रिकांवर दुसरे नाव रिकाचे होते, पण ती आधीच बाद झाली आहे; म्हणून तिसरे नाव पाहायचे. ते शिओनचे. शिओनची मते २१ + १६ = ३७ झाली, रेनाची २३च राहिली. शिओन जिंकली.

पद्धत चौथी : क्रमाला गुण. पहिल्या पसंतीला ३, दुसरीला २, तिसरीला १ आणि चौथीला ०. रेनाचे गुण ६९, मिओनचे १०५, शिओनचे ७१ आणि रिकाचे ११५. रिका जिंकली. पहिल्या पसंतीच्या मोजणीत ती तळाला होती!

मतदार तेच, मतपत्रिकाही त्याच. एकाही मतदाराने मत बदलले नाही आणि मोजणीत कोणतीही चूक झाली नाही. तरीही चार पद्धतींनी चार वेगळे विजेते दिले. मग या साठ वाचकांचे 'खरे' आवडते पात्र कोणते?

जुळ्या बहिणींचा प्रश्न

पहिल्या पद्धतीत नेमके काय झाले ते पाहण्यासारखे आहे. रेनाला सर्वाधिक मते मिळाली खरी, पण उरलेल्या ३७ वाचकांच्या यादीत ती शेवटी आहे. साठांपैकी सदतीस जणांना जे पात्र सर्वांत कमी आवडते, ते 'सर्वांत लोकप्रिय' ठरले. असे होण्याचे कारण म्हणजे मतांची विभागणी. मिओन आणि शिओन यांच्या चाहत्यांची बेरीज २९ होते. या दोघींऐवजी एकच बहीण यादीत असती आणि ती २९ मते तिला एकत्र मिळाली असती, तर रेना मागे पडली असती.

निवडणुकीच्या राजकारणात 'मते फुटली' हा शब्दप्रयोग आपल्या कानावर नेहमी येतो. तीच गोष्ट येथे आहे. सारखे गुण असलेले दोन उमेदवार एकमेकांची मते खातात आणि वेगळा असलेला तिसरा पुढे निघून जातो. पात्रांच्या कौलात हे सतत घडते. कथेत एकाच ढंगाची तीन गंभीर पात्रे आणि एकच विनोदी पात्र असेल, तर विनोदी पात्राला आपोआप फायदा मिळतो. यावर एक साधा उपाय आहे : प्रत्येकाला एकाऐवजी दोन नावे लिहू द्यायची. वरच्या उदाहरणात तसे केले तर रिकाला ४७, मिओनला २९, रेनाला २३ आणि शिओनला २१ मते पडतात. जी नावे पसंत आहेत ती सर्व लिहा, कितीही चालतील, अशीही एक पद्धत आहे. ब्रॅम्स आणि फिशबर्न या दोन अमेरिकी अभ्यासकांनी १९७८ मध्ये तिची तपशीलवार मांडणी केली.

दोन फ्रेंच विद्वान आणि एक भारतीय निवडणूक

हा गोंधळ नवीन नाही. अठराव्या शतकातील फ्रान्समध्ये विज्ञान अकादमीचे सदस्य कसे निवडावेत यावर खल चालला होता. झाँ-शार्ल द बोर्दा (१७३३–१७९९) या गणितज्ञ आणि नौदल अधिकाऱ्याने क्रमाला गुण देण्याची पद्धत सुचवली. वरची चौथी पद्धत ती हीच. मार्की द काँदोर्से याने १७८५ मध्ये वेगळी कसोटी मांडली. प्रत्येक उमेदवाराची इतर प्रत्येकाशी जोडीने तुलना करा आणि जो सर्वांना हरवेल तो खरा विजेता माना, असे त्याचे म्हणणे.

आपल्या उदाहरणात ही कसोटी लावून पाहू. रिका विरुद्ध रेना : ३७ विरुद्ध २३. रिका विरुद्ध शिओन : ४७ विरुद्ध १३. रिका विरुद्ध मिओन : ३१ विरुद्ध २९. रिका तिघींनाही हरवते. आणि तिसऱ्या पद्धतीत सर्वांत आधी बाद झाली ती हीच!

दुसऱ्या पसंतीचे वजन केवढे असू शकते, याचे एक ठळक उदाहरण आपल्याच देशात आहे. राज्यघटनेच्या ५५ व्या अनुच्छेदानुसार राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत मतदार पसंतीक्रम लिहितात. आमदार-खासदारांच्या मतांना ठरावीक मूल्य असते. १९६९ च्या निवडणुकीत पहिल्या पसंतीच्या मतांचे मूल्य असे होते : व्ही. व्ही. गिरी ४,०१,५१५, नीलम संजीव रेड्डी ३,१३,५४८, चिंतामणराव देशमुख १,१२,७६९. निम्म्याहून अधिक कोणालाच नव्हते. मग तळाच्या उमेदवारांना वगळून त्यांच्या मतपत्रिकांवरील पुढच्या पसंती मोजल्या गेल्या. त्यातील बराच मोठा भाग रेड्डी यांच्याकडे वळला. अखेरचे आकडे गिरी ४,२०,०७७ आणि रेड्डी ४,०५,४२७ असे आले. सुरुवातीला सुमारे ८८ हजारांचे असलेले अंतर १५ हजारांच्याही आत आले. गिरी निवडून आले, पण पहिल्या पसंतीचे आकडे पाहून कोणी 'हा तर एकतर्फी सामना' म्हटले असते, तर ते चुकले असते.

निर्दोष पद्धत आहे का?

मग काँदोर्सेची जोडीची कसोटीच कायमची का स्वीकारू नये? कारण कधी कधी तिला उत्तरच सापडत नाही, आणि हे काँदोर्सेलाच आढळले होते. तीन वाचक घ्या. पहिल्याचा क्रम रेना, मिओन, रिका. दुसऱ्याचा मिओन, रिका, रेना. तिसऱ्याचा रिका, रेना, मिओन. आता रेना मिओनला २–१ ने हरवते, मिओन रिकाला २–१ ने हरवते आणि रिका रेनाला २–१ ने हरवते. प्रत्येक वाचकाचा विचार सुसंगत आहे, पण तिघांचा मिळून विचार वर्तुळात फिरतो. व्यक्तीची आवड आणि समूहाची आवड या एकाच जातीच्या गोष्टी नाहीत, हे येथे लख्ख दिसते.

१९५१ मध्ये अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ केनेथ ॲरो यांनी याहून पुढचे सिद्ध केले. पसंतीक्रम एकत्र करणाऱ्या कोणत्याही पद्धतीकडून आपण काही साध्या अपेक्षा करतो. मतदारांनी कोणताही क्रम लिहिला तरी तिने सुसंगत क्रम द्यावा. सर्वांनी 'अ'ला 'ब'च्या वर ठेवले तर निकालातही तसेच यावे. 'अ' आणि 'ब' यांच्यातील निर्णय 'क'बद्दलच्या मतांवर अवलंबून नसावा. आणि कोणा एकाचीच मर्जी नेहमी चालू नये. तीन किंवा अधिक उमेदवार असतील तर या सर्व अपेक्षा एकाच वेळी पूर्ण करणारी पद्धत असूच शकत नाही, असे ॲरो यांनी दाखवले. १९७२ चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळालेल्या दोघांत ते होते. हाच धागा आपले अमर्त्य सेन यांनी पुढे नेला. त्यांना हे पारितोषिक १९९८ मध्ये मिळाले.

'म्हणजे मतदान निरर्थक आहे' असा अर्थ मात्र विद्यार्थ्यांनी काढू नये. वर्तुळाकार सपाट नकाशावर पृथ्वी जशीच्या तशी उतरत नाही, म्हणून आपण नकाशे वापरणे सोडत नाही. कोणत्या नकाशात काय वाकडे होते, ते लक्षात ठेवतो. मतमोजणीच्या पद्धतींचेही तसेच आहे.

प्रामाणिक मत आणि धोरणी मत

गुणांची पद्धत वरकरणी सर्वांत न्याय्य वाटते. पण तिच्यातही एक फट आहे. समजा, मिओनच्या १६ चाहत्यांना कुणकुण लागली की खरी चुरस रिकाशी आहे. रिका त्यांना मनापासून आवडते, ती त्यांची दुसरी पसंती आहे. तरी त्यांनी ठरवून तिला शेवटी टाकले आणि मिओन, शिओन, रेना, रिका असा क्रम लिहिला. रिकाचे ३२ गुण एकदम कमी होऊन ८३ उरतात. मिओनचे १०५च राहतात आणि ती जिंकते. (रेना ८५, शिओन ८७, एकूण बेरीज पूर्वीइतकीच, ३६०.) दोन शास्त्रज्ञांनी, गिबर्ड यांनी १९७३ मध्ये आणि सॅटरथ्वेट यांनी १९७५ मध्ये, स्वतंत्रपणे सिद्ध केले की तीन किंवा अधिक उमेदवार जिंकू शकत असतील आणि एकाच्याच हाती सर्व निर्णय नसेल, तर मताची किमया करून निकाल वळवण्याची अशी संधी क्रमावर चालणाऱ्या प्रत्येक निश्चित पद्धतीत कुठे ना कुठे राहतेच.

पात्रांच्या कौलात याहून ढोबळ प्रकारही होतो : एकाच माणसाने अनेक मते देणे. पोस्टकार्डावर कौल घेतला, तर जो जास्त कार्डे खरेदी करील त्याचे वजन जास्त. जपानमधील एकेबी ४८ या गायिकांच्या संचाने २००९ पासून २०१८ पर्यंत आपल्या सदस्यांची दर वर्षी 'निवडणूक' घेतली. मत देण्याची चिठ्ठी गाण्याच्या सीडीबरोबर मिळत असे, त्यामुळे एकेका चाहत्याने ढीगभर सीडी घेतल्याचे प्रकार झाले. अशा मोजणीतून एक माहिती नक्की मिळते, पण ती 'किती जणांना आवडते' ही नव्हे. 'चाहते किती खर्च करायला तयार आहेत' ही होय.

मत कोण पाठवतो, हाही प्रश्न आहे. १९३६ मध्ये 'लिटररी डायजेस्ट' या अमेरिकी साप्ताहिकाने अध्यक्षीय निवडणुकीचा अंदाज घेण्यासाठी सुमारे एक कोटी लोकांना पत्रे पाठवली. वीस लाखांहून जास्त उत्तरे आली. अंदाज निघाला की लँडन जिंकणार. प्रत्यक्षात ४८ पैकी ४६ राज्ये रूझवेल्ट यांनी जिंकली. पत्ते मुख्यतः दूरध्वनीधारक आणि मोटारमालक यांच्या याद्यांतून घेतले होते, आणि उत्तर पाठवणारे हे सर्वांचे प्रतिनिधी नव्हते. नमुना मोठा असला म्हणजे तो योग्य असतो असे नाही. आवडत्या पात्राचा कौलही ते पात्र इतके आवडले की कार्ड लिहावेसे वाटले, अशांचाच असतो. कथा शांतपणे वाचून बाजूला ठेवणारा वाचक त्यात दिसत नाही.

रहस्यकथेची खास अडचण

आतापर्यंत जे पाहिले ते कोणत्याही कौलाला लागू आहे. रहस्यकथेत आणखी तीन गोष्टींची भर पडते.

पहिली गोष्ट वेळेची. 'हिगुराशी'चे भाग चार वर्षे येत होते. पहिला भाग वाचून दिलेले मत आणि आठवा भाग वाचून दिलेले मत यांत त्याच वाचकाचे त्याच पात्राबद्दलचे मत उलटे झालेले असू शकते. कारण लेखकाने मुद्दामच अर्धी माहिती दिलेली असते. म्हणून अशा कौलाच्या निकालावर तारीख आणि 'कितव्या भागापर्यंत वाचलेल्यांचा' हे लिहिलेले नसेल, तर त्या निकालाला फारसा अर्थ नाही. प्रयोगशाळेच्या वहीत आपण तापमान लिहितो, तसेच हे.

दुसरी गोष्ट उमेदवारांच्या यादीची. शिओन पहिल्या भागात समोर येतच नाही. पहिल्या भागानंतर कौल घेतला तर तिचे नाव यादीत नसणार. आणि सर्व भागांतील पात्रांची यादी नव्या वाचकापुढे ठेवली, तर यादीच रहस्य फोडते : हे कोण, हिला जुळी बहीण आहे का, हे किरकोळ वाटणारे पात्र एवढे वर का छापले आहे? शिवाय यादीत आधी येणाऱ्या नावांना थोडा फायदा मिळतो, हे निवडणुकांच्या अभ्यासात दिसून आले आहे. ऑस्ट्रेलियातील तस्मानिया राज्यात यासाठी वेगवेगळ्या मतपत्रिकांवर नावांचा क्रम फिरता ठेवतात.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. रहस्यकथेबद्दल दोन वेगळे प्रश्न विचारता येतात : 'तुमचे आवडते पात्र कोणते?' आणि 'तुमचा संशय कोणावर?' दोन्हींवर मते घेता येतात, पण दोन्ही मतदाने एका जातीची नाहीत. संशयाच्या प्रश्नाला खरे उत्तर असते. ते लेखकाला ठाऊक असते. आवडीच्या प्रश्नाला तसे उत्तर नसते.

खरे उत्तर असलेल्या प्रश्नाबद्दल काँदोर्सेने १७८५ मध्येच एक सुंदर नियम दिला. पर्याय दोनच असतील, आणि प्रत्येक जण स्वतंत्रपणे विचार करून निम्म्याहून जास्त वेळा बरोबर ठरत असेल, तर बहुमत हे एकट्यादुकट्यापेक्षा जास्त विश्वसनीय ठरते. एकेक जण १०० पैकी ६० वेळा बरोबर असेल, तर तिघांचे बहुमत सुमारे ६५ वेळा आणि अकरा जणांचे बहुमत सुमारे ७५ वेळा बरोबर येते. पण नियमाला दुसरी बाजू आहे. एकेक जण ४० वेळाच बरोबर असेल, तर तिघांचे बहुमत फक्त ३५ वेळा बरोबर ठरते. माणसे वाढतील तशी चूक पक्की होत जाते.

आता रहस्यकथेचा लेखक काय करतो ते पाहा. तो सर्व वाचकांना तेच खोटे धागेदोरे दाखवतो, त्यांची नजर एकाच चुकीच्या दिशेला वळवतो. म्हणजे नियमाच्या दोन्ही अटी तो जाणूनबुजून मोडतो : वाचक स्वतंत्र राहत नाहीत आणि बरोबर असण्याची शक्यता निम्म्याखाली जाते. म्हणूनच संशयिताच्या कौलात आघाडीवर असलेले पात्र निर्दोष निघाले तर नवल वाटू नये. येथे बहुमतापेक्षा एका वाचकाचा चांगला युक्तिवाद मोलाचा. विज्ञानातील प्रश्नही याच जातीचे असतात. पृथ्वी सूर्याभोवती फिरते की नाही, हे हात वर करून ठरत नाही. पुरावा पाहावा लागतो.

आवडीच्या प्रश्नाचे उलटे आहे. तेथे एका तज्ज्ञाचा युक्तिवाद इतर साठांची आवड खोटी ठरवू शकत नाही. तेथे विचारण्याजोगा प्रश्न एवढाच की सर्वांच्या आवडीला न्याय मिळेल अशा रीतीने मोजणी झाली का, आणि मोजणीचा नियम मते पाहण्याआधी ठरला होता का. मते हाती आल्यावर नियम निवडण्याची मुभा मिळाली, तर आपल्या उदाहरणातल्या चौघींपैकी हवी ती जिंकवता येते!

वर्गात करून पाहण्यासाठी

हा प्रयोग एका तासात होतो. त्यासाठी संगणक किंवा जपानी कथा लागत नाही. सर्वांनी वाचलेली कोणतीही रहस्यकथा चालेल.

१. कथेतील चार-पाच पात्रे निवडा. नावे फळ्यावर लिहिण्याऐवजी चिठ्ठ्यांवर द्या आणि निरनिराळ्या चिठ्ठ्यांवर क्रम बदला.

२. प्रत्येकाला पूर्ण पसंतीक्रम लिहायला सांगा. नाव लिहायचे नाही, शेजाऱ्याचे पाहायचे नाही.

३. वर्गाचे चार गट करा. प्रत्येक गटाने त्याच चिठ्ठ्या एकेका पद्धतीने मोजाव्यात : सर्वाधिक मते, दोन फेऱ्या, वगळत जाणे, गुण. पाचवा गट जमत असेल तर त्याने जोडीजोडीच्या लढती मोजाव्यात.

४. निकाल शेजारीशेजारी लिहा. बहुतेक वेळा दोन-तीन पद्धतींचा विजेता एकच येईल. तेही सांगण्यासारखे आहे. सर्व पद्धतींनी एकच नाव आले, तर त्या निवडीवर निर्धास्तपणे विश्वास ठेवता येतो. वेगळी नावे आली तर वाद करू द्या; मात्र 'कोण चांगले' यावर नव्हे, 'कोणती मोजणी कशासाठी योग्य' यावर.

५. पुढच्या वेळी कथेचा शेवट वाचण्याआधी संशयिताचे मतदान घ्या आणि शेवट वाचल्यावर निकालाशी ताडून पाहा. ज्याने वेगळे मत दिले त्याला कारण विचारा.

मुलांना आकडेमोडीचा सराव होईल हा त्यातला लहान फायदा. मोठा फायदा असा की पुढच्या वेळी मॉनिटरची निवड करताना एखादा विद्यार्थी उठून विचारील, 'सर, मोजणार कसे, ते आधी ठरवू या का?' हा प्रश्न ऐकला तर त्याला उद्धटपणा समजू नका. प्रयोग जमला, एवढेच समजा.